मामांच्या १९६६ च्या जॅग्वार ई-टाइपची बाजारकिंमत कशी ठरवावी?

लेस्टरकर (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. माझे मामा गेल्या हिवाळ्यात वारले. १९६० च्या दशकात मुंबईहून डॉक्टर होऊन इंग्लंडात आलेल्या पिढीतले ते. मामी आधीच गेलेल्या असल्यामुळे मृत्युपत्राची अंमलबजावणी मामेबहिणीकडे आली आहे आणि कागदपत्रांचे काम तिने माझ्यावर सोपवले आहे. घर आणि ठेवी यांचे आकडे सरळ मिळाले. अडले आहे ते गॅरेजातल्या गाडीपाशी. जॅग्वार ई-टाइप, ४.२ लिटर, दोन आसनी कूपे (पक्क्या छताची), सन १९६६, रंग लाल. शेवटची चार-पाच वर्षे ती जागची हललेली नाही.

माझ्यापुढे सध्या तीन आकडे आहेत. विम्याच्या कागदावर 'मान्य मूल्य' म्हणून ९५,००० पाउंड लिहिले आहेत. जुन्या गाड्यांचा व्यवहार करणारे एक गृहस्थ घरी येऊन गेले, त्यांनी गाडीभोवती एक फेरी मारली आणि 'आत्ता घेऊन जातो' म्हणून ३६,००० पाउंड सांगितले. आणि एका संकेतस्थळावर अगदी अशीच दिसणारी लाल कूपे १,०५,००० पाउंडांना विक्रीस लावलेली आहे. सर्वांत कमी आणि सर्वांत जास्त आकड्यांत जवळजवळ तिपटीचा फरक असेल तर वारसाकराच्या अर्जात नेमके काय लिहायचे? बहिणीला गाडी ठेवायची नाही, परंतु मामांची गाडी मातीमोल भावाने जाऊ नये एवढीच तिची इच्छा आहे. जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

गाडीवेडा

मामांच्या निधनाबद्दल वाचून वाईट वाटले. आता गाडीविषयी.

तुम्ही दिलेले तिन्ही आकडे आपापल्या जागी खरे आहेत, कारण ते तीन निरनिराळ्या प्रश्नांची उत्तरे आहेत. विम्याचे मान्य मूल्य हे 'गाडी उद्या जळून गेली तर तशीच दुसरी मिळवायला किती लागेल' याचे उत्तर असते. ते बहुतेक वेळा मालकाने दिलेल्या फोटोंवर आणि क्लबाच्या पत्रावर ठरते आणि पुढे वर्षानुवर्षे तसेच चालू राहते. ई-टाइपचे भाव साधारण २०१५ ते २०१७ च्या सुमारास फार चढले होते आणि नंतर उतरले. त्यामुळे पॉलिसीवरचा आकडा कोणत्या साली ठरला ते आधी पाहा. व्यापाऱ्याच्या ३६,००० मध्ये त्याचा नफा, दुरुस्तीचा अंदाज आणि न दिसलेल्या दोषांची भीती हे सगळे आधीच वजा केलेले आहे. संकेतस्थळावरचा आकडा तर विकणाऱ्याची अपेक्षा आहे. ती गाडी त्या भावाला विकली गेली असा कोणताही पुरावा तुमच्याकडे नाही. मूल्यांकनात मागितलेल्या किमतींना जवळजवळ शून्य वजन द्यावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

गाडी पाहिल्याशिवाय भाव सांगणारा माणूस एक तर भाबडा असतो किंवा खरेदीदार. म्हणून आधी पुढील गोष्टी कळवा. इंजिनाच्या खणातल्या धातूच्या पाटीवर चार क्रमांक असतील: चासी (गाडीचा सांगाडा), इंजिन, बॉडी आणि गिअरबॉक्स. चासी क्रमांक पुढच्या चौकटीवर उजव्या बाजूस, शॉक अ‍ॅब्सॉर्बरच्या वरच्या आधाराजवळही ठोकलेला असतो. इंजिन क्रमांक ब्लॉकवर तेलाच्या फिल्टरच्या वरच्या भागात आणि हेडच्या पुढच्या टोकाला असतो. पाटी बदलता येते, ठोकलेला क्रमांक सहसा बदलत नाहीत. म्हणून पाटीचा आणि ठोकलेल्या आकड्यांचा असे दोन्ही फोटो काढा. ते आकडे पुसताना वायर ब्रश किंवा पॉलिश पेपर मुळीच वापरू नका. रॉकेलचा बोळा पुरे.

हिशेबनीस

मी इथे सनदी लेखापाल आहे, म्हणून कराच्या बाजूने सांगतो. कायद्याला अभिप्रेत असलेले मूल्य १९८४ च्या वारसाकर कायद्याच्या १६० व्या कलमात आले आहे. मृत्यूच्या दिवशी ती वस्तू खुल्या बाजारात विकली असती तर रास्तपणे जी किंमत येण्याची अपेक्षा होती, ती. म्हणजे विम्याचा आकडा चालत नाही आणि घाईने रोख देणाऱ्या व्यापाऱ्याचाही चालत नाही. गाडीची नोंद घरगुती व वैयक्तिक वस्तूंच्या आयएचटी ४०७ या अर्जात होते.

इस्टेट ३,२५,००० पाउंडांच्या मूळ मर्यादेच्या आणि मामींकडून वारसाने आलेल्या सवलतीच्याही वर जात असेल, तर वरच्या रकमेवर ४० टक्के दराने कर बसतो. त्यामुळे भावनेच्या भरात ९५,००० लिहिले आणि गाडी ५५,००० ला गेली, तर त्या ४०,००० च्या फरकावर १६,००० पाउंड कर विनाकारण भरला जाईल. उलट ३६,००० लिहून चार महिन्यांनी लिलावात ७०,००० घेतले, तर महसूल खाते विचारणारच. प्रत्यक्ष विक्री हा त्यांच्या दृष्टीने सर्वांत बोलका पुरावा असतो. पुढे नफा झालाच तर भांडवली नफ्यावरील कर मात्र नाही, कारण प्रवासी मोटारगाडी १९९२ च्या कायद्याच्या २६३ व्या कलमानुसार त्या करातून वगळलेली आहे.

आणखी एक. मूल्य मृत्यूच्या दिवशीच्या स्थितीचे धरायचे असते. तेव्हा मूल्यांकन होईपर्यंत गाडी धुऊ नका, रंगवू नका, चाके बदलू नका. धुळीसकट फोटो काढून ठेवा. विमा कंपनीला मालक वारल्याचे कळवलेले नसेल तर ते आजच करा.

मुळामुठा

मी पुण्यात असतो. प्रश्न थोडा वेगळा आहे. जॅग्वार २००८ पासून टाटांची आहे आणि आपल्याकडे जुन्या गाड्यांचे शौकीनही वाढले आहेत. गाडी भारतात आणून विकली तर जास्त भाव येणार नाही का?

गाडीवेडा

कंपनीची मालकी मुंबईकडे आली म्हणून १९६६ च्या गाडीचा भाव पुण्यात ठरत नाही. ज्या बाजारात एखादी वस्तू वारंवार विकली जाते, तिथेच तिचा भाव समजतो. ब्रिटनमध्ये ई-टाइप जवळजवळ दर मोठ्या लिलावात असते. भारतात अशा गाड्या मोजक्या, व्यवहार बहुतांशी खासगी आणि आकडे जाहीर होत नाहीत. शिवाय आयातीचे नियम आणि सीमाशुल्क पार केल्यावरही २०२१ च्या नियमांनुसार ५० वर्षांवरील गाडीची जुन्या (व्हिंटेज) गाड्यांसाठीच्या 'व्हीए' मालिकेत नोंदणी झाली, तरी ती रोजच्या वापरासाठी नसते. हौस म्हणून गाडी नेणे वेगळे. किमतीच्या प्रश्नाला त्याने उत्तर मिळणार नाही.

लेस्टरकर

सर्वांचे आभार. विजेरी घेऊन गेल्या शनिवारी गॅरेजात बसलो. पाटीवरचा चासी क्रमांक '१ई३' ने सुरू होतो. इंजिन क्रमांक '७ई' ने सुरू होतो आणि '-९' ने संपतो. ब्लॉकवर आणि हेडवर ठोकलेला क्रमांक पाटीशी जुळला. गिअरबॉक्स मात्र नंतर बसवलेला पाच गिअरचा आहे, असे मामांच्या फायलीतल्या बिलावरून दिसते. गॅरेजच्या कोपऱ्यात जुन्या चादरीखाली एक गिअरबॉक्स सापडला, त्याच्या खांद्यावर 'ईजे' अक्षरांचा क्रमांक आहे आणि तो पाटीशी जुळतो.

फायलीत १९९१ सालचा जहाजाचा कागद आहे, गाडी कॅलिफोर्नियातून साउदॅम्प्टनला आल्याचा. त्यानंतरची एमओटीची (गाडी रस्त्यावर चालवायला योग्य असल्याच्या वार्षिक तपासणीची) जवळजवळ सगळी प्रमाणपत्रे लावून ठेवलेली आहेत. कारखान्याच्या जुन्या नोंदी सांभाळणाऱ्या जॅग्वार डेमलर हेरिटेज ट्रस्टचे प्रमाणपत्रही मिळाले. त्यावर मूळ वितरक न्यूयॉर्कचा आणि मूळ रंग ओपलेसंट सिल्व्हर ब्लू लिहिला आहे! आम्ही सगळे आजवर समजत होतो की गाडी मुळापासून लाल आणि इंग्लंडातली आहे. नंबरप्लेटच्या शेवटी 'डी' आहे, म्हणजे १९६६ ची ब्रिटिश नोंदणी, नाही का?

गाडीवेडा

नाही. परदेशातून आणलेल्या जुन्या गाडीलाही तिच्या उत्पादनवर्षाला साजेसा नंबर इथे दिला जातो, त्यामुळे 'डी' वरून फक्त वय कळते. तुमच्या पाटीवरचा '१ई३' हे खरे उत्तर आहे. ४.२ लिटरच्या पहिल्या मालिकेत उजव्या स्टिअरिंगच्या कूपेचे क्रमांक १ई२०००१ पासून, तर डाव्या स्टिअरिंगच्या कूपेचे १ई३०००१ पासून सुरू झाले. म्हणजे मामांची गाडी जन्माने डाव्या स्टिअरिंगची आहे आणि इथे आल्यावर ती उजवी करून घेतलेली आहे. ३६,००० सांगणाऱ्या गृहस्थांनी एका फेरीत बहुधा हेच पाहिले असणार, आणि तुम्हाला सांगितले नाही.

यात आश्चर्य काही नाही. १९६१ च्या मार्चमध्ये जिनिव्हाला ही गाडी प्रथम दाखवली गेली. ब्रिटनमध्ये तिची किंमत कर धरून २,१०० पाउंडांच्या आसपास होती, जी तेवढ्याच वेगाच्या इटालियन गाड्यांच्या मानाने फारच कमी. १९७० च्या दशकाच्या मध्यापर्यंत एकंदर ७२,००० हून अधिक गाड्या कोव्हेंट्रीत तयार झाल्या आणि त्यांतल्या बहुसंख्य अमेरिकेला गेल्या. १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात इथले भाव भडकले तेव्हा व्यापाऱ्यांनी तिथल्या कोरड्या हवेतल्या गाड्या कंटेनर भरभरून परत आणल्या. तुमची गाडी त्या लाटेच्या शेवटची.

आता याचा भावावर परिणाम. ब्रिटनमध्ये खरेदीदार प्रथम पसंती देतो ती मुळातच उजव्या स्टिअरिंगच्या, इथेच विकल्या गेलेल्या गाडीला, कारण अशा गाड्या संख्येने कमी. बदललेली गाडी तिच्या मागे राहते. माझ्या अंदाजाने स्थिती समान असताना साधारण दहा टक्क्यांचा फरक धरावा, आणि बदलाचे काम ओबडधोबड असेल तर जास्त. पेडलची पेटी, स्टिअरिंगचा रॅक आणि डॅशबोर्ड हे अस्सल उजव्या बाजूचे सुटे भाग वापरून बसवले आहेत की इकडचे तिकडे जोडले आहेत, हे पाहावे लागेल. मूळ रंग निळसर चंदेरी असताना लाल केलेली गाडी, हा दुसरा उणा मुद्दा. बिजागऱ्यांच्या मागे आणि डॅशबोर्डखाली जुना रंग शिल्लक असेल तर रंगकाम वरवरचे झाले आहे असे समजा.

जमेच्या बाजूही कमी नाहीत. इंजिन मूळचे आहे, हेडही त्याच क्रमांकाचे आहे. दोन आसनी पहिली मालिका, काचेखालचे हेडलाइट आणि तीन एसयू कार्ब्युरेटर हा या कूपेतला सर्वांत मागणीचा संच. १९६६ मध्येच आलेली लांब सांगाड्याची '२+२' हिच्यापेक्षा बरीच स्वस्त जाते, तेव्हा भाव शोधताना दोन्हींची सरमिसळ होऊ देऊ नका. आणि तो चादरीखालचा गिअरबॉक्स! तो भंगारवाल्याला न देणारे मामा खरे दर्दी होते. तो गाडीबरोबरच विकायचा, वेगळा कधीच नाही.

तांबडीवाट

गिअरबॉक्सविषयी थोडे वेगळे मत मांडतो. मी स्वतः एमजीबी ही जुनी ब्रिटिश स्पोर्ट्स गाडी चालवतो आणि ई-टाइपच्या मालकांत बरीच ऊठबस आहे. आज खरेदीदारांत चालवणारे लोक जास्त आहेत आणि पाच गिअर बसवलेली गाडी मोटरवेवर सुखाने जाते. त्यामुळे तो बदल उणा न धरता दोन-तीन हजारांनी अधिक धरावा. शिवाय मामांनी केलेल्या कामांची बिले आहेत असे दिसते. ती सगळी मिळवून मूल्यात घालायला काय हरकत आहे?

गाडीवेडा

पाच गिअरबद्दल निम्मे मान्य. मूळ गिअरबॉक्स हाताशी असल्यामुळे तो बदल उलटवता येतो, म्हणून वजा करणार नाही. पण अधिकही धरणार नाही. शिवाय ३.८ लिटरच्या गाडीतला पहिल्या गिअरला सिंक्रोमेश (गिअर खडखड न होता पडावा म्हणूनची रचना) नसलेला मॉस गिअरबॉक्स लोकांना नकोसा होतो. ४.२ चा स्वतःचा गिअरबॉक्स मुळातच चांगला आहे.

बिलांची बेरीज मात्र कधीच करू नये. नामांकित कारागिराकडून ई-टाइप पूर्ण नव्याने उभी करायला आज लाखभर पाउंड सहज लागतात आणि तयार झालेली कूपे अनेकदा त्याहून कमीला विकली जाते. बिले मोलाची आहेत ती पुरावा म्हणून. कोणी, केव्हा, काय केले ते त्यांतून कळते. त्यांवरची रक्कम मालकाच्या हौसेची.

सांधेजोड

मी मिडलंड्समध्ये पत्रेकामात आयुष्य काढले, आता निवृत्त आहे. वरच्या चर्चेत क्रमांकांवर बरेच लिहिले गेले, पण या गाडीचा खरा पैसा पत्र्यात असतो. इंजिन दुरुस्त करायला किती लागतील हे आधी सांगता येते. पत्रा उघडल्याशिवाय कोणीही सांगू शकत नाही.

ई-टाइपला सबंध लांबीची वेगळी चासी नाही. मधला भाग म्हणजे पत्र्याचा टब, आणि त्याच्या पुढच्या भिंतीला नळ्यांची चौकट बोल्टांनी जोडलेली, जिच्यावर इंजिन, पुढचे सस्पेन्शन आणि ते लांबलचक बोनेट असते. त्या नळ्या पातळ भिंतीच्या आहेत आणि आतून गंजतात. बाहेरून रंग चकचकीत, आत पापुद्रे. उजव्या बाजूला भिंतीजवळ बॅटरी बसते, तिचे आम्ल खाली गळून तिथलीच नळी खाते. तेव्हा बॅटरी काढून तिच्या खालचा भाग पाहा. सांध्याजवळ केसाएवढी भेग दिसली तरी फोटो काढा.

दुसरी जागा दाराखालचे पोकळ उंबरे, ज्यांना इथे सिल म्हणतात. ताकद त्यांच्यात आहे. दार अर्धे उघडून बंद करा. ते खाली बसून कडीला घासत असेल, किंवा दार आणि मागचा पत्रा यांच्यातली फट वर रुंद आणि खाली अरुंद असेल, तर टब वाकला आहे किंवा सिल नीट आधार न देता बदलले आहेत. लोहचुंबक पातळ कापडात गुंडाळून मागच्या चाकाच्या कमानीवरून फिरवा. जिथे तो सुटतो तिथे पुटी भरलेली आहे. रंगाची जाडी मोजणारे यंत्र मिळाले तर उत्तमच, कारण मूळ रंगापेक्षा दोन-तीनपट जाडी म्हणजे वर दुसरा रंग, आणि दहापट म्हणजे खाली पुटी. सिलमध्ये रबरी बुच असेल तर एंडोस्कोपचा कॅमेरा आत सोडा. वीस-तीस पाउंडांत मिळतो आणि हजारोंचा प्रश्न सोडवतो.

कॅलिफोर्नियाची गाडी आहे ही चांगली बातमी, पण ती १९९१ पर्यंतची. त्यानंतर तीसेक वर्षे ती इथल्या पावसात आणि रस्त्यावरच्या मिठात चालली आहे. कोरड्या प्रदेशाचे नाव ऐकून खरेदीदार जास्त पैसे देतो, मी देणार नाही.

आणि कृपा करून किल्ली फिरवू नका. चार-पाच वर्षांचे पेट्रोल टाकीत डिंक होऊन बसले असेल. प्लग काढून सिलिंडरमध्ये थोडे तेल सोडा, दोन दिवसांनी इंजिन हाताने फिरवून पाहा. फिरले तर 'इंजिन मोकळे आहे' एवढेच मूल्यांकनात लिहिता येईल. तेलाचा दाब गरम इंजिनावर मिनिटाला ३,००० फेऱ्यांना ४० पाउंड प्रति चौरस इंच यावा हा जॅग्वारचा दंडक आहे, पण तो तपासायची वेळ अजून यायची आहे. मागचे ब्रेक चाकांत नसून आत डिफरन्शियलला (मागच्या चाकांना ताकद वाटणाऱ्या भागाला) लागून आहेत. ते धरलेले असतील तर संपूर्ण मागचा सांगाडा खाली उतरवावा लागतो. क्लच बदलायचा तर इंजिन आणि गिअरबॉक्स दोन्ही बाहेर. म्हणून 'फक्त थोडे सुरू करून घ्यायचे आहे' या वाक्याची किंमत या गाडीत हजारांत असते.

हिशेबनीस

लिलावाच्या आकड्यांविषयी थोडे, कारण तिथे बहुतेकांचा गोंधळ होतो. समजा हातोडा ६०,००० पाउंडांवर पडला. घेणाऱ्याकडून लिलावगृह त्यावर अधिमूल्य घेते. ते १२ टक्के धरले तर ७,२०० आणि त्या ७,२०० वर २० टक्के व्हॅट म्हणजे १,४४०. घेणाऱ्याने भरले ६८,६४०. विकणाऱ्याकडून ५ टक्के दलाली धरली तर ३,००० आणि तिच्यावर व्हॅट ६००. विकणाऱ्याच्या हाती आले ५६,४००. वाहतूक आणि सूचीतल्या फोटोंचे शुल्क आणखी वेगळे. एकाच विक्रीचे ५६, ६० आणि ६८ असे तीन आकडे झाले. दर प्रत्येक ठिकाणी निरनिराळे असतात, म्हणून निकाल वाचताना छापलेला आकडा अधिमूल्यासह आहे की त्याशिवाय, हे प्रत्येक वेळी तपासावे. काही ठिकाणी अंदाजाची रक्कम अधिमूल्याशिवाय आणि निकालाची रक्कम अधिमूल्यासह छापतात, मग प्रत्येक गाडी अंदाजापेक्षा जास्त गेल्यासारखी वाटते.

खुल्या बाजारातल्या मूल्यातून विक्रीचा खर्च वजा करता येत नाही. तेव्हा अर्जात हातोड्याच्या पातळीचा आकडा योग्य ठरतो, हाती येणारा नव्हे.

मुळामुठा

वर्तमानपत्रात कोट्यवधींना विकलेल्या ई-टाइपच्या बातम्या येतात, त्या मग कोणत्या?

गाडीवेडा

त्या 'लाइटवेट'. १९६३ च्या सुमारास शर्यतीसाठी अ‍ॅल्युमिनियमच्या बॉडीच्या १८ गाड्या बांधायचे ठरले होते, प्रत्यक्षात १२ झाल्या. राहिलेल्या सहा बांधायचे जॅग्वारने २०१४ मध्ये ठरवले. जुन्या बारांपैकी एक २०१७ च्या जानेवारीत बोनहॅम्सच्या स्कॉट्सडेलच्या लिलावात ७३ लाख ७० हजार डॉलरला गेली. मामांच्या कूपेचा तिच्याशी संबंध बोनेटच्या आकारापुरता.

उपयोगाचे निकाल असे निवडा. फक्त पहिली मालिका, ४.२, दोन आसनी कूपे, ब्रिटनमधली विक्री, मागच्या १८ महिन्यांतली. न विकल्या गेलेल्या गाड्याही टिपून ठेवा, कारण ५५,००० वर बोली थांबून गाडी परत गेली, तर तो आकडा बाजाराने दिलेले उत्तरच आहे. प्रत्येक सूचीतले वर्णन पूर्ण वाचा. 'उत्तम', 'चांगली', 'बरी' या पायऱ्या भावदर्शिकांत असतात, पण घरचे लोक आपली गाडी नेहमी एक पायरी वर धरतात.

लेस्टरकर

उशीर झाला, पण सगळे करून घेतले. ई-टाइपच्या कामात मुरलेल्या एका स्वतंत्र निरीक्षकाला बोलावले. त्यांना गाडी विकत घ्यायची नव्हती, एवढी खात्री आधी केली.

सांधेजोड यांनी सांगितले तसेच निघाले. डावा सिल चांगला, उजव्या सिलच्या मागच्या टोकाला एंडोस्कोपमध्ये बोटभर लांबीचा गंज आणि त्याला लागून मागच्या फरशीत एक जुने ठिगळ. बॅटरीखालच्या नळीवर खड्डे आहेत, पण भेग नाही. पुटी फक्त मागच्या उजव्या कमानीवर. स्टिअरिंगचा बदल अस्सल भाग वापरून नीट केलेला आहे. दाराच्या बिजागरीमागे निळसर चंदेरी रंगाची अंगठ्याएवढी जागा स्पष्ट दिसली. इंजिन हाताने फिरते. मागचे ब्रेक धरलेले आहेत.

विकल्या गेलेल्या गाड्या शोधताना चांगल्या स्थितीतल्या, मुळातच उजव्या स्टिअरिंगच्या कूपेंचे हातोड्याचे आकडे ६८,००० ते ७२,००० च्या आसपास घुटमळताना दिसले. एक ९०,००० च्या वर गेली, पण ती नुकतीच पूर्ण नव्याने बांधलेली होती, म्हणून ती बाजूला ठेवली. मग असा हिशेब मांडला: स्टिअरिंगचा बदल आणि रंग यांचे मिळून ८,००० वजा. ब्रेक, इंधनाची टाकी, टायर, रबरी नळ्या यांसाठी ६,००० ते ८,०००. सिल, फरशी आणि त्या भागाचे रंगकाम यांसाठी ७,००० ते ९,०००. उरतात ४३,००० ते ५१,०००. तपासून पाहावे.

गाडीवेडा

मांडणी पटली. एकच दुरुस्ती सुचवतो. खरेदीदार दुरुस्तीचा खर्च जसाच्या तसा वजा करत नाही, तो त्यावर आपल्या जोखमीचे थोडे आणखी वजा करतो, विशेषतः न चालणाऱ्या गाडीत. उलट एकाच घरात ३० हून अधिक वर्षे राहिलेली, फाइल पूर्ण असलेली आणि आजवर बाजारात न फिरलेली गाडी लिलावात दोन खरेदीदारांना हमखास ओढते. या दोन गोष्टी एकमेकींना बऱ्यापैकी फेडतात. म्हणून मध्याच्या जवळ, ४६,००० ते ४८,००० च्या दरम्यान, माझे मत पडेल.

सांधेजोड

मी ४५,००० च्या वर जाणार नाही. एका टोकाला बोटभर गंज कॅमेऱ्यात दिसतो तेव्हा पत्रा कापल्यावर तो वीतभर असतो. फरशीतल्या ठिगळाखाली काय आहे हे निरीक्षकांनाही दिसलेले नाही. बाकी हिशेबाला हरकत नाही.

लेस्टरकर

निरीक्षकांनी लेखी अहवालात ४७,५०० पाउंड दिले आहेत. बहिणीला मान्य आहे. सांधेजोड यांचा मुद्दा तिला सांगितला, तेव्हा ती म्हणाली की लिलावाच्या सूचीत तो गंज आणि ते ठिगळ दोन्ही फोटोंसह छापायचे. विक्री वसंतातल्या एखाद्या लिलावात, आहे त्या स्थितीत, जुना गिअरबॉक्स आणि फायलीसह करायचे ठरते आहे. गाडी आधी दुरुस्त करून घ्यावी का, याबद्दल घरात अजून दोन मते आहेत.

गाडीवेडा

दुरुस्ती करू नका. तुम्ही वीस हजार खर्च कराल आणि नवा मालक रंग पुन्हा निळसर चंदेरी करायला ती सगळीच उघडेल. फक्त मागचे ब्रेक सुटे करून घ्या, म्हणजे गाडी ढकलून ट्रेलरवर चढवता येईल. राखीव किंमत (जिच्याखाली गाडी द्यायची नाही ती) अंदाजाच्या खालच्या टोकाला ठेवा. एकदा परत आलेल्या गाडीकडे पुढच्या लिलावात लोक संशयाने पाहतात.

हिशेबनीस

अहवालात चार गोष्टी आहेत याची खात्री करा: मूल्य मृत्यूच्या तारखेचे आहे असा स्पष्ट उल्लेख, ते खुल्या बाजारातले आहे असे वाक्य, ज्या विक्रींशी तुलना केली त्यांच्या तारखा व आकडे अधिमूल्याशिवाय, आणि त्या दिवशीच्या स्थितीचे फोटो. 'विम्यासाठी' हा शब्द कुठेही नको. अनेक निरीक्षक जुन्या नमुन्यातून तो तसाच राहू देतात. अहवालाचा मसुदा नावे काढून व्यक्तिगत निरोपात पाठवलात तर रविवारपर्यंत वाचून ठेवतो.